खडूची रेघ

११ जानेवारी, रविवार

सकाळी उल्हासनगर. लछूभाईंचा रबराचा गाळा रविवारीही उघडा असतो. प्रमोदने तिकडून परतणाऱ्या एका माणसाबरोबर बोटीच्या दाराच्या रबराचा बोटभर तुकडा पाठवला होता, तो दाखवला. वर राखाडी रंगाचा थर. लछूभाईंनी दोन बोटांत धरून वाकवला तर खारी मोडावी तसा मोडला.

"रंग कोणी लावला याला?"

म्हटलं, तिथल्या खलाशांनी. मंत्री येणार होते म्हणून सगळी बोट रंगवली, दारं, खिडक्या, पाइप. दाराच्या कडेचं रबरसुद्धा. रंग बसला की रबर मरतं, दार बंद केलं तरी पाणी आत येतं.

"साहेब लोग येणार म्हटले की सगळीकडे हेच, मॅडम. माझ्या सोसायटीत लिफ्टची बटणं पण रंगवली." मग नमुना प्रकाशात धरून, "बनवून देतो. ओरिजिनलपेक्षा मऊ. युद्धाची बोट असली तरी दार ते दारच. फ्रीजचं नाय का?"

बुधवारी देतो म्हणाले. त्यांचा बुधवार खरा असतो.

येताना रिक्षात विचार करत होते. प्र. नौदलातून निवृत्त झाला, अंबरनाथच्या एमआयडीसीत लागला, संध्याकाळी मुक्ताचं गणित घ्यायला लागला, आता हा घरातला माणूस झाला असं मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ती बोट आपल्या नौदलाने एका छोट्या बेटांच्या देशाला देऊन टाकली, आणि तिची सवय असलेला कोणीतरी शिकवायला हवा म्हणून हा गेला. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने तिच्यावर काढली, नाही कसं म्हणणार. आई तिला माझी सवत म्हणतात.

तिला तिकडे नवीन नाव दिलंय, मला अजून नीट म्हणता येत नाही. प्र. "आपली" म्हणतो. आपली आज बरी आहे. आपलीचा पंप रुसलाय.

१४ जाने.

संक्रांत. शाळेत अर्धा दिवस. रबर मिळालं, मोठं वेटोळं, काळंभोर, हात लावला की गार आणि मऊ. तिथूनच कुरियर केलं. लछूभाईंना तिळगूळ दिला तर म्हणाले, "साईं, गोड तर आम्ही रोजच बोलतो, धंदा आहे."

संध्याकाळी फ्रीजचं दार नीट लागत नाही असं आई म्हणाल्या. खडू काढला. ही प्र.ची पद्धत, बोटीवरची. दार ज्या कडेवर टेकतं त्या कडेला खडू घासायचा, दार घट्ट लावायचं, उघडायचं. रबरावर पांढरी रेघ उमटते. रेघ अखंड असेल तर दार पक्कं. जिथे तुटली तिथून पाणी येणार. (फ्रीजच्या बाबतीत गारवा जाणार.) आमची खाली उजव्या कोपऱ्यात तुटली. गरम पाण्याच्या फडक्याने रबर शेकलं, पुन्हा खडू. आली.

फोटो पाठवला त्याला. उत्तर, "पास. एलियासला दाखवला. तो म्हणतो तुझ्या बायकोला इकडे पाठव, तू घरी जा."

एलियास म्हणजे तिथला इंजिनवाला. प्र.च्याच वयाचा, तीन पोरांचा बाप. आईंनी पाठवलेली सुकट तोच संपवतो. जाताना माझ्या शाळेतले खडूचे डबे दिले होते, ते प्र. आता कुलपात ठेवतो म्हणे, कारण एलियासची पोरं येऊन धक्क्यावर चित्रं काढतात.

१९ जाने.

पार्सल अडकलंय, तिकडच्या कस्टममध्ये. प्र. रोज माणूस पाठवतो, ते रोज उद्या म्हणतात.

फोनवर जरा घाईत होता. लांबच्या बेटांवर औषधं आणि माणसं पोचवायची आहेत, परवा निघणार, दोनेक दिवसांत परत.

"आणि दार?"

"बघू. केलंय काहीतरी."

"काय केलंयस?"

"अगं, चालेल दोन दिवस."

मग मुक्ताची चौकशी. बारावीची प्रॅक्टिकल कधी, केमिस्ट्रीला घाबरू नको सांग वगैरे. आवाज हसरा होता. का लिहितेय हे.

२२ जाने.

काल निघाले. समुद्रात गेला की फोन लागत नाही, हे नवीन नाही. लग्नानंतरची वर्षं अशीच गेली. तरी यावेळी दार डोक्यातून जात नाहीये.

२४ जाने., शनिवार

नौदलातल्या जुन्या लोकांच्या बायकांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर रांगोळ्या आणि गुडघेदुखीचे उपाय. आज दुपारी एकीने विचारलं, नीलिमा, प्रमोद अजून त्या बोटीवरच आहे का?

का, विचारलं. टाइप करतेय, टाइप करतेय असं दिसत राहिलं. मग फोनच आला तिचा. बोटीशी संपर्क नाही. कालपासून. तिच्या नवऱ्याला दिल्लीतून कोणीतरी सांगितलं.

मुक्ता आतल्या खोलीत पाठांतर करत होती, मोठ्याने. तिला सांगितलं नाही. आई टीव्हीसमोर भाजी निवडत होत्या. त्यांच्याशेजारी बसून मीही निवडली. जुडी संपली.

२५ जाने.

पेपरात आतल्या पानावर, चार ओळी. भारताने भेट दिलेली जुनी युद्धनौका बुडाल्याची भीती. जुनी हा शब्द दोनदा.

आईंना सांगावं लागलं. पालेगावहून दीर आले होते, त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं त्यांना.

"कं झाला? मना सांगा कुनीतरी. माझा पोऱ्या हाय तो."

सांगितलं. बोट बुडाली असावी, माणसांचं अजून कळलं नाही.

रडल्या नाहीत. उठून त्याचा शर्ट, दारामागे लटकलेला, उतरवला आणि पुन्हा तिथेच लावला. म्हणाल्या, "त्याला पोवता येतं. खाडीत शिकलाय तो, तलावात नाय."

मुक्ता मला घट्ट धरून बसलीय. तिला म्हटलं अभ्यास कर. काय मूर्खासारखं बोलते मी.

२६ जाने.

शाळेत गेले. दीर म्हणाले नको जाऊस, पण घरात बसवत नव्हतं.

झेंडावंदन. मुलांच्या रांगा, बँड जरा बेसूर. राष्ट्रगीत चालू असताना पर्समध्ये फोन थरथरायला लागला. सावधानमध्ये उभी. माझ्या वर्गाची मुलं माझ्याकडेच बघत होती. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. मी हलले नाही. राष्ट्रगीत एवढं मोठं असतं हे

संपल्यावर धावले. अनोळखी नंबर, परदेशी. परत लावला, लागला नाही. जिन्याखाली, जिथे मुलं चपला ठेवतात, तिथे बसले. तिसऱ्यांदा तिकडूनच आला.

"मी आहे."

एवढंच ऐकलं आधी. मग, "हाताला जरा लागलंय. आईला सांग. मुक्ताला सांग. नीलू? ऐकतेयस ना?"

ऐकतेय म्हटलं.

"आपली गेली."

कोणाचातरी फोन होता, परत द्यावा लागला त्याला.

मुख्याध्यापिकाबाईंनी रिक्षा बोलावली. घरी आले तर आई दारातच. मी बोलायच्या आधी माझं तोंड बघून खाली बसल्या. "जेवला का तो?" हा पहिला प्रश्न.

३० जाने.

आज नीट बोलणं झालं. हळूहळू, मध्ये मध्ये थांबत.

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. मागून लाटा चढत होत्या. मागच्या भागात, सुकाणूच्या खोलीत पाणी शिरलं, त्याच दारातून. मोठा पंप बंद पडला. एलियास छोटा पंप घेऊन खाली उतरला. मागची बाजू बसत गेली. बाकी सगळे तराफ्यांवर चढले.

"तो वर आलाच नाही, नीलू. मी वरून हाका मारत होतो."

गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर एलियासची बायको दिसली होती. तिच्या हातात सुरी, माझ्या हातात कोथिंबीर. भाषा कोणाची कोणाला येत नव्हती. तिने मासा वर धरून दाखवला, मी कोथिंबीर. दोघी कितीतरी वेळ हसत होतो.

आईंना एलियासचं सांगितलं नाही अजून.

४ फेब्रु.

येणार होता, तो अडला. चौकशी होईपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडे. सगळ्यांचेच घेतलेत म्हणतो. एका हॉटेलात ठेवलंय, खिडकीतून बंदर दिसतं, आपली बांधलेली असायची ती जागा रिकामी.

मुक्ताने विचारलं, "बाबांनी काही केलंय का?"

"नाही ग."

"मग पासपोर्ट?"

तिच्या वयात मीही असंच सरळ विचारायचे. आता वळणं घेत विचारते, आणि उत्तर येऊ नये अशा बेताने.

८ फेब्रु., रविवार

शेवटी विचारलं. काय केलं होतंस दाराचं.

मग सांगितलं. रबर आलं नव्हतं. मेलेलं रबर जिथे तडकलं होतं तिथे त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवली. खडू लावला. रेघ आली. कॅप्टनने विचारलं, अंकल, जमेल? हा म्हणाला, चालेल.

"रेघ आली होती ना मग?"

"आली. अखंड. पण ती नुसतं दार लावून येते, नीलू. वर समुद्र बसल्यावर पट्टी काय करेल हे मला कळत नव्हतं का? पोरं आनंदात होती. तिकडच्या बेटांवर कोणाची आई, कोणाची बायको. मला नाही म्हणवेना."

मी त्याला ओळखते. घरात नळ गळला तर तो दोऱ्याने थांबवतो, आणि तो नळ मग वर्षभर गळत नाही. आम्ही सगळे त्याच्या या हातांचं कौतुक करतो. आई तर आल्यागेल्याला दाखवतात.

त्या पट्टीचं कोणाला माहीत आहे, विचारलं. कॅप्टनला. आणि एलियासला होतं, ट्यूब त्याच्याच सायकलची.

१२ फेब्रु.

चौकशीत कॅप्टनला विचारलं, दार कोणी पास केलं. तो म्हणाला, आठवत नाही. तिशीतला मुलगा आहे, प्र.ला अंकल म्हणतो. अंकलला वाचवतोय.

आणि वाचवल्याने झालंय असं, की चौकशीवाले म्हणतायत, दार ठीकच असणार, नीट लावलं गेलं नसणार. ते लावायचं काम एलियासचं.

प्र. आज सांगत होता, बोलताना खोकत होता. "मी गप्प बसलो तर पुढच्या आठवड्यात घरी. कॅप्टन तेच सांगतोय, अंकल, गप्प बसा, घरी जा. बोललो तर कधी सोडतील सांगता येत नाही. सोडतील का तेही."

"आणि गप्प बसलास तर एलियासने दार उघडं टाकलं असं होणार."

"हो."

"त्याची बायको?"

"तिला आत्ताच बाजारात कोणीतरी बोललं म्हणे, तुझ्या नवऱ्यामुळे बोट गेली."

मग म्हणाला, "सोमवारी, तेवीसला माझी जबानी. तू सांग."

मी सांगू. मी. बदलापूरच्या ओट्याजवळ उभी राहून. कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबले आणि म्हटलं, घरी ये.

बरं म्हणाला. एवढ्या पटकन बरं म्हणाला.

१५ फेब्रु.

महाशिवरात्र. आईंना अंबरनाथला शिवमंदिरात जायचंच होतं, बोटीची बातमी आली त्या दिवशी नवस बोलल्या होत्या. जत्रेची गर्दी, स्टेशनपासून चालत. रांग पुढे सरकता सरकेना. पुढचे एक काका मागे वळून सगळ्यांना उद्देशून म्हणाले, देव कुठे जात नाय, ढकलू नका. मागून एक बाई, "देव जात नाय हो, माझी गाडी जाते."

आत गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जायचं. लहानपणापासून किती वेळा उतरले असेन. आज वरच्या पायरीशी थांबले. खाली अंधार, ओलसर वास, पाण्याचा आवाज, खालून लोकांचे हर हर. पाय उचलेना. एलियास असाच उतरला असेल, हातात पंप घेऊन, वरून प्र. हाका मारतोय.

"तुम्ही जा," म्हटलं आईंना. "मी इथे आहे."

त्या उतरल्या, एका अनोळखी पोरीचा हात धरून. मी वर उभी. मागचे लोक बडबडत कडेने गेले. आई वर आल्या तेव्हा पदर भिजला होता. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू कं लपवतंस, बाय?"

येताना रिक्षात एलियासचं सांगितलं. तो गेला. पट्टीचंही सांगितलं. त्या एलियासला कधी भेटल्या नव्हत्या, नाव इलास म्हणायच्या. उतरताना एवढंच, "सुकट बांधून ठेवलीय त्याची. आता?"

१८ फेब्रु.

मुक्ताचा केमिस्ट्रीचा पेपर बरा गेला म्हणाली. बाबांना सांग म्हणाली. प्र.ला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला. तो अंगठा पाठवणाऱ्यातला नाही.

बारा तारखेपासून आम्ही बोलतो ते सगळं हवापाण्याबद्दल. तो माझं ऐकणार आहे. तेच टोचतंय. नाही म्हणाला असता, भांडला असता, तर मी घरी ये घरी ये म्हणत राहिले असते, आणि चूक त्याची झाली असती.

आज ओटा पुसताना आई आल्या. म्हणाल्या, "तू त्याला कं सांगितलंस?"

"घरी ये म्हटलं."

"मी पन हेच बोलले असते." मग, "तिला कोन हाय पन, त्याचे बायकोला?"

मला माहीत नाही.

२१ फेब्रु., शनिवार

पार्सल परत आलं.

कुरियरवाला खाली उभा राहून ओरडत होता, मॅडम, मोठा बॉक्स आहे, लिफ्ट बंद आहे. मुक्ता आणि मी धरून वर आणला. त्यावर किती शिक्के, तिकडचे, इकडचे. कधीच सोडलं नाही त्यांनी. बोट असताना नाही, गेल्यावर तर घेणार कोण.

कापलं. वेटोळं तसंच, काळंभोर, गार. लछूभाईंनी वर एक चिठ्ठी अडकवली होती, मी पाठवताना पाहिली नव्हती: रंग लावू नये. हिंदीत, मोठ्या अक्षरात.

मुक्ता ते दाबून बघत होती. "किती मऊ आहे ना." मग माझ्याकडे बघून आत निघून गेली. तिलाही कळलंय बहुतेक सगळं. या घरात भिंती आहेत कुठे.

आईंनी ते फडताळावर ठेवू दिलं नाही. दाराजवळच ठेवा म्हणाल्या.

२३ फेब्रु., सोमवार

शाळेला रजा टाकली. त्यांच्या वेळेने जबानीच्या आधी फोन येणार होता. गॅलरीत बसून राहिले. खाली भंगारवाला, कोणाचा तरी मिक्सर घेऊन वाद घालत होता.

आला.

"निघतोय पाच मिनिटांत," म्हणाला. आवाज आधीच्या दिवसांसारखाच, सपाट.

"रबर परत आलं," मी म्हटलं.

"कसं आहे?"

"चांगलं आहे. मऊ."

श्वास ऐकू येत होता त्याचा. लांबून गाडीचा हॉर्न.

कालपासून मनात वाक्यं जुळवत होते. मी म्हटलं होतं ते विसर. खरं सांग. तुला हवं ते कर. एकही तोंडात टिकेना. प्रत्येक वाक्यात माझी सुटका होती, त्याची नाही. आणि हेही खरं की मला तो इथे हवा आहे, या खुर्चीत, आज. ते काही बदललेलं नाही.

"एलियासच्या बायकोचं नाव काय रे?" विचारलं.

"का?"

"दिवाळीत विचारलंच नव्हतं मी."



"मार्ता," म्हणाला.

"मार्ता," मी म्हटलं.

आई मागे येऊन उभ्या होत्या, त्यांनीही म्हणून पाहिलं, मार्था, मारता, जीभ वळेना त्यांची. ते त्याने ऐकलं असावं. हसल्यासारखा आवाज आला, किंवा तसा नसेलही.

मागून कोणीतरी त्याला हाक मारली, त्यांच्या भाषेत.

"बरं," म्हणाला. आणि फोन बंद.

हे बरं त्या दिवशीच्या बरंसारखं नव्हतं. की मलाच तसं

संध्याकाळ झाली. फोन नाही. मुक्ता दोनदा येऊन बघून गेली. आईंनी सुकटीची पुडी न उघडता वरून पुन्हा घट्ट बांधली, आणि विचारलं, तिकडे मार्ताकडे पार्सल जातं का, की पुन्हा अडकवून ठेवतील ते लोक.

जातं म्हटलं. पत्ता मागून घेऊ.